घर लुटायला आलेली माणसं

सोमवार, ३ मार्च १८५६, वाइपारेरा, ऑकलंड प्रांत

हाराताचा उजवा हात भाजला. कोपरापासून थेट खांद्यापर्यंत.

आज धुण्याचा दिवस. परसात तांब्याच्या मोठ्या हंड्यात चादरी उकळत होत्या आणि ही नऊ वर्षांची पोर त्या ढवळायला ओट्यावर चढली. हंडा कलंडला. मी जवळ नसताना हंड्याकडे फिरकायचं नाही, असं मी या मुलींना हजारदा सांगितलं आहे. पण सांगून ऐकलं असतं तर शाळा कशाला काढावी लागली असती?

मी त्या वेळी फाटकापाशी होते. मॅजिस्ट्रेट डॅगेट घोड्यावरून आले होते, मधाची बरणी घेऊन. या महिन्यातली ही तिसरी बरणी. इतका मध शाळेला लागत नाही, पण त्यांच्याकडे मधमाश्या फार झालेल्या दिसतात. शाळा इथून हलवून गोऱ्यांच्या गावात, त्यांच्या बंगल्याशेजारी आणावी, असं ते पुन्हा समजावत होते. बोलणं लांबलं ते त्यांच्यामुळे. तेवढ्यात किंकाळी ऐकू आली.

जवसाचं तेल आणि चुन्याची निवळी लावून फडकं बांधलं. पोर रडत नाही, नुसती थरथरते आहे. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

मंगळवार, ४ मार्च

ताप आहे. रिपेकामावशी पहाटेच ओढा ओलांडून आली आणि हाराताच्या उशाशी बसली ती दुपारपर्यंत हललीच नाही. हाराता तिच्या मुलाची मुलगी. शाळेची ही जमीनही तिच्याच नवऱ्याने माझ्या बाबांना दिली होती. माझी आई नदीत बुडून गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. त्यानंतर नऊ वर्षांची होईपर्यंत, बाबांनी शिकायला दूर धाडलं तोवर, मला मावशीनेच ओढ्यापलीकडे तिच्या घरी सांभाळलं. त्यामुळे मला ती अजूनही पोर समजते. मी तिशी ओलांडली आहे, चौदा मुलींची शाळा चालवते आहे, हे तिच्या खिजगणतीत नाही.

तिने माझं फडकं सोडून फेकून दिलं आणि हराकेकेच्या घायपातासारख्या पानांचा चीक लावला.

"मावशी, तेल लावलं होतं मी."

"बघितलं. भाजी फोडणीला टाकायचीय का तुला?"

 दुपारी ती उठून गेली तेव्हा मी चिकावरच तेल लावलं. संध्याकाळी ती आली आणि वास घेऊन तिने माझ्याकडे नुसतं बघितलं.

जाताना म्हणाली, "नेपियाला निरोप धाडलाय."

नेपिया म्हणजे हाराताचा मामा, नदीच्या वरच्या अंगाच्या गावचा प्रमुख. हाराताची आई बाळंतपणात गेली. ही पोर म्हणजे त्याच्या बहिणीची एकुलती खूण. माझ्या चौदांपैकी सहा मुली त्याच्या गावच्या आहेत. तो चिडला तर सहा जणी एका दिवसात जातील, आणि सहा गेल्या की बाकीच्यांच्या आयाही विचारायला लागतील. मग शाळा कसली? उरतील त्या रिकाम्या खाटा.

गुरुवार, ६ मार्च

ताप उतरला. हाराताने पेज खाल्ली आणि आणखी मागितली. देवाचे आभार.

पण आनंद करायला वेळ मिळाला नाही. दुपारी वरच्या गावाहून माणूस आला. नेपिया मंगळवारी येतोय, आणि तो मुरू करायला येतोय.

या शब्दाचा मला लहानपणापासून धसका आहे. मुलाला इजा झाली, कुणी बुडालं, कुणाच्या हातून वणवा लागला, की नातलग टोळी करून येतात आणि ज्याच्या हयगयीने झालं त्याचं घर, आणि मूल ज्या घरचं असेल तेही, धुऊन नेतात. भांडी, डुकरं, कपडे, सगळं. बाबा याला सरळ दरोडा म्हणत. इथे तीस वर्षं राहिले, पण या एका गोष्टीपुढे त्यांनी कधी मान तुकवली नाही आणि त्यांच्या फाटकाच्या आत एकदाही मुरू झाली नाही. हे ते किती अभिमानाने सांगत, ते अजून आठवतं.

मी त्यांची मुलगी आहे. डॅगेटना चिठ्ठी पाठवली. सोमवारपर्यंत माणसं घेऊन या, म्हटलं. 

शनिवार, ८ मार्च

मावशीचं काय चाललंय कळत नाही.

सकाळी पाहते तर शाळेच्या सगळ्या घोंगड्या कुंपणावर उन्हात टाकलेल्या. ठेवणीतल्यासुद्धा. बाबांचं भिंतीवरचं घड्याळ काढून ती फडक्याने पुसत बसलेली. दोन मुलींना लावून तिने माझी बाजाची पेटी आतल्या खोलीतून ओसरीवर आणवली.

"ही इथे कशाला?"

"आत अंधार आहे. दिसायला नको का?"

"कुणाला दिसायला?"

तिने मला वेड्यात काढल्यासारखं बघितलं. "इहापेरा, पोरी, झोप झाली नाही का तुझी?"

माझं नाव इझाबेला, पण इथे ते कुणाच्या तोंडात बसत नाही.

मला शंका येते आहे ती लिहूनच टाकते. नेपिया यायच्या आधीच चांगल्या चांगल्या वस्तू ओढ्यापलीकडे स्वतःच्या घरी हलवायचा तिचा विचार असावा. ज्या बाईने मला भरवलं तिच्याबद्दल असं मनात येतं याची लाज वाटते, पण येतं खरं. पेटी मी पुन्हा आत नेववली. तासाभराने ती पुन्हा ओसरीवर होती.

बरं, स्वतःच्या घरीही तिने दोन डुकरं कापायला काढली आहेत. रताळी सोलायला आठ बायका बसल्या आहेत. भट्टीसाठी खड्डा खणला आहे तो एवढा मोठा की त्यात बैलगाडी मावेल. लुटायला येणाऱ्यांना कुणी जेवण घालतं का?

निरोप्या पुन्हा आला तेव्हा तिने त्याला पहिला प्रश्न केला, "होड्या किती?"

"दोन ठरल्यात, आजी."

"दोनच?" तिचा चेहरा पडला. "माझी नात भाजली आणि दोन होड्या? कुत्र्याचा पाय मोडला तर दोन होड्या येतात. जा, सांग त्याला, रिपेका अजून जिवंत आहे म्हणावं."

मला वाटलं ती टोमणा मारते आहे. पण ती खरोखर दुखावली होती. रात्रीचं जेवलीसुद्धा नाही.

रविवार, ९ मार्च

प्रार्थनेला मुलींचं लक्ष नव्हतं. वरच्या गावच्या सहा जणींनी गाठोडी बांधून खाटेखाली सरकवली आहेत. त्यांच्यातली थोरली एराना पंधरा वर्षांची आहे, शहाणी आहे. तिला बाजूला घेतलं.

"एराना, खरं सांग. जायचंय का तुम्हाला?"

"नाही बाई."

"मग गाठोडी कशाला?"

ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. मग म्हणाली, "मामा रिपेकाआजीकडेच जाऊन परत फिरला, इकडे आलाच नाही, तर आम्हाला जावं लागेल ना."

"आणि इकडे आला तर?"

"मग कशाला जायचं?"

भीतीने बोलणं उलटसुलट होतंय पोरीचं. मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, घाबरू नकोस, तो इकडे येणारच नाही अशी व्यवस्था मी केली आहे. तर ती रडायलाच लागली. किती ताण पडला आहे या मुलींवर.

सोमवार, १० मार्च

आजचं सगळं लिहायला हवं. डोकं ठिकाणावर नाही, पण लिहायला हवं.

डॅगेट सकाळीच सहा बंदूकवाले घेऊन आले. मोठ्या उत्साहात होते. माणसं फाटकावर उभी केली, माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा घेतला. म्हणाले, "उद्यानंतर तुम्हाला इथे एकटीने राहू देणं मला बरोबर वाटणार नाही." मी म्हटलं, चौदा मुली आहेत, मी एकटी कुठे आहे? त्यांचा चेहरा जरा उतरला. का, ते कळलं नाही.

इतक्यात मावशी आली. फाटकावर बंदुका बघून ती जागच्या जागी थांबली. माझ्याकडे चालत आली तेव्हा तिचा आवाज अगदी खाली होता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"यांना कुणी बोलावलं?"

"मी."

"का?"

"मावशी, ते लुटायला येतायत! मी काय बघत बसू?"

ती ओसरीवर बसली. पेटीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "बापाची मुलगी आहेस."

"हो, आहे."

"तुझी आई बुडाली तेव्हा आम्ही आलो होतो, हे त्याने सांगितलंय तुला?"

मी म्हटलं, कुणी आलं नव्हतं. बाबा नेहमी सांगत की आईच्या मागे वर्षभर गावातलं माणूस फाटकाशी फिरकलं नाही, आणि त्या दिवसापासून इथल्या माणसांवरचा त्यांचा विश्वास उडाला.

"फिरकलं नाही? सत्तर माणसं होतो गं आम्ही! नदीला पूर आलाय, उतरू नको, असं माझ्या नवऱ्याने दोनदा बजावलं होतं त्याला. ऐकलं नाही. देव बघून घेईल म्हणाला आणि बायकोला घेऊन पाण्यात उतरला. आमची बाई होती ती. आमच्या बायकांची बाळंतपणं केली तिने. तिला घालवली त्याने. आम्ही काय गप्प बसणार होतो? घर धुऊन न्यायला आलो. तर फाटकात हा बंदूक घेऊन उभा. म्हणे, बायको माझी होती, तुमचा काय संबंध?"

"मग?"

"मग काय? संबंध नाही म्हणाल्यावर लुटायचं कुणाला? आपल्या माणसाला लुटतात. परक्याला लुटलं तर ती चोरी. आम्ही काय चोर आहोत? गेलो परत. सत्तर माणसं रिकाम्या हातांनी, वाटभर रडत. तुला तेवढी मी उचलून घरी आणली, पण तुझ्या बापाचं त्यानंतर कुणी वाईट केलं नाही, चांगलंही केलं नाही. पाहुणा म्हणून आला, पाहुणा म्हणून मेला."

 मी तिच्या शेजारी बसले.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात? माझ्या मांडीवर वाढलीस. मला वाटलं, तुला एवढं तरी कळत असेल." मग म्हणाली, "चुकलंच माझं. मी घोंगड्या वाळवत बसले आणि तू चिठ्ठ्या लिहीत बसलीस."

म्हणजे पेटी ओसरीवर होती ती त्यांना दिसावी म्हणून. घड्याळ पुसलं ते माझी अब्रू राहावी म्हणून. आणि एराना काल रडली ती कशामुळे, तेही आता लख्ख कळतंय. मी तिला जवळ घेऊन धीर देत होते!

डॅगेटना सांगितलं, कृपा करून परत जा. ते हसले. "तुमची चिठ्ठी माझ्या खिशात आहे. आता हा सरकारचा प्रश्न आहे." खूप विनवलं, उपयोग झाला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कालपर्यंत नेपियाची माणसं येतील म्हणून जीव मुठीत होता. आता ते न थांबताच जातील म्हणून आहे.

मंगळवार, ११ मार्च

पेन्सिलीने लिहिते आहे, जमिनीवर बसून. टेबल गेलं, दौत गेली, खुर्ची गेली. ही वही एप्रनच्या खिशात होती म्हणून राहिली.

होड्या पाच आल्या. मावशी नदीकाठी उभी होती. पाचवी वळणावर दिसली तेव्हा तिने पदर सारखा करावा तशी खांद्यावरची घोंगडी सारखी केली आणि ताठ उभी राहिली.

ते आधी तिच्या घरी गेले. ओढ्यापलीकडून आरडाओरडा, शिव्या, डुकरांचं केकाटणं ऐकू येत होतं. मी ओसरीवर उभी होते. माझ्यामागे तेरा मुली, हाराता आत खाटेवर. फाटकावर सहा बंदुका. डॅगेट सारखे म्हणत होते, "घाबरू नका, मी आहे." तेच तर भय होतं.

मग ते ओढा ओलांडून आले. साठ-सत्तर जण असतील, बायका-पुरुष, हातांत काठ्या. सगळ्यांच्या पुढे नेपिया. धिप्पाड, पिकल्या केसांचा. बंदुका बघून तो थांबला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. माझ्यावरून, जशी मी खांबच आहे, तशी नजर नेली आणि मागच्या मुलींना म्हणाला, "पोरींनो, गाठोडी घ्या. इथे आपलं कुणी नाही."

किती शांतपणे म्हणाला. एराना आत वळली. मला तिच्या पायांचा आवाज ऐकू आला.

मी काय करते आहे ते मला त्या वेळी कळत नव्हतं. मी पायऱ्या उतरले, बंदूकवाल्यांच्या मधून गेले आणि फाटक सताड उघडून बाहेर उभी राहिले. नेपिया पाठ फिरवत होता.

"नेपिया!" मी ओरडले. "हंडा माझा होता! विस्तव माझा होता!"

तो थांबला.

"पोर माझ्या भरवशावर ठेवली होती. मी हंडा उघडा टाकून या फाटकाशी गप्पा मारत होते. तिची चूक नाही, मावशीची नाही. माझी आहे. आणि तू ओढ्यापलीकडूनच परत चाललास? मग हाराता काय वाऱ्यावर वाढली? तिला दोन वर्षं जेवू घातलं ते कुणी?"

डॅगेट मागून म्हणाले, "मिस थॉर्नली, आत या! काय बोलताय यांच्याशी?" त्यांना इथल्या माणसांची भाषा येत नाही.

नेपिया सावकाश वळला. आता तो माझ्याकडे बघत होता, थेट.

"गप्पा मारत होतीस?"

"हो."

"कुणाशी?"

मी डॅगेटकडे बोट दाखवलं. मागच्या बायकांत एकच गलका उठला.

"या दाढीवाल्याशी?" नेपियाचा आवाज चढला आणि मग तो थांबेचना. "आमच्या बहिणीची पोर उकळत्या पाण्यात, आणि तू इथे या बोकडाशी गुलुगुलु करत होतीस? डोळे फुटले होते का तुझे? कान काय उंदरांनी खाल्ले होते? मेलेल्या आईचं लेकरू ते! तिला काय सांगू मी? कुणाच्या हवाली केलं म्हणून सांगू?" आणखीही बरंच बोलला, ते या वहीत लिहिता येणार नाही. बोलता बोलता तो रडत होता. मीही रडत होते.

मग त्याने काठी उचलली. मावशीने रात्री सांगून ठेवलं होतं, हलायचं नाही. मी हलले नाही. उजव्या दंडावर एकच फटका बसला. डोळ्यांपुढे अंधारी आली.

मागे बंदुकांचे घोडे चढवल्याचा आवाज झाला.

मी वळले आणि दोन्ही हात पसरून बंदुकांपुढे उभी राहिले. उजवा हात वर होत नव्हता तरी केला. "खाली करा! खाली करा म्हणते ना! हे माझ्या घरी आलेत!"

"त्याने तुम्हाला मारलं!"

"मारायलाच आलाय. मीच बोलावलंय. तुम्ही गोळी झाडलीत तर आधी मला लागेल."

डॅगेटचा चेहरा पांढराफटक पडला होता. एक क्षण, आणखी एक. त्यांचा हात वर होता, तो खाली आला की काय होणार ते मला ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी तो हळूच बाजूला घेतला आणि माणसं मागे सरली.

मग माझ्या दोन्ही बाजूंनी पूर आल्यासारखी माणसं आत शिरली.

काय नेलं नाही ते विचारावं. पेटी चौघांनी उचलली आणि होडीपर्यंत एक पोरगी तिच्यावर बसून सूर काढत गेली. घड्याळ, गाय, कढया, घोंगड्या, तो हंडासुद्धा. नेपियाच्या बायकोने माझी रविवारची टोपी घातली आणि मला दाखवायला दोनदा समोरून गेली. तिला ती माझ्यापेक्षा चांगली दिसत होती. हाराताला त्यांनी खाटेवरून फुलासारखं उचललं, मावशीच्या मांडीवर ठेवलं आणि खाट नेली. मधाच्या तिन्ही बरण्याही गेल्या. मावशी शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, "बघा, बघा, घड्याळसुद्धा! माझ्याकडून काय नेलं असेल, सहा डुकरं? पोरीकडून गाय नेली, गाय!"

मग सगळे तिच्याकडे जेवले. मीही जेवले, नेपियाच्या शेजारी बसून. त्याने माझ्या पानात डुकराच्या मांसाचा चांगला तुकडा टाकला आणि दंडाकडे बघून म्हणाला, "सुजेल. चीक लाव. तेल नको."

पण जीव अजून टांगलेलाच होता. दुपारी होड्या भरून निघाल्या तेव्हा मी काठावर उभी होते. सहा मुली पाण्यापाशी गेल्या. एराना पहिल्या होडीत चढली. कुणी मला काही सांगत नव्हतं आणि मला विचारायचं धैर्य नव्हतं. तिने इथल्या रीतीने मामीच्या नाकाला नाक लावलं. मामीने तिच्या हातात सुक्या वाम माशांची टोपली दिली. मग एराना टोपली डोक्यावर घेऊन पाण्यात उतरली आणि काठावर आली.

"बाई, रात्रीला हे खा म्हणाली. तुमच्या घरात आता काही नाही ना."

मी तिथेच वाळूत बसले आणि हमसून हमसून रडले. मुली हसत होत्या. चौदाच्या चौदा.

मंगळवार, १८ मार्च

डॅगेट आले. मध नव्हता. शाळेचा खर्च देणाऱ्या मिशनच्या समितीचा निरोप होता: दरोड्याची फिर्याद द्या, सरकार सगळं परत मिळवून देईल आणि शाळा गावात नव्याने उभी राहील. फिर्याद नसेल तर समिती पुढच्या महिन्यापासून पगार देणार नाही.

"दरोडा झालाच नाही," मी म्हटलं.

"मी डोळ्यांनी बघितलं."

"घरची माणसं आली होती."

"तुमची माणसं ऑकलंडमध्ये आहेत," ते म्हणाले. त्यांना राग आला नव्हता, वाईट वाटत होतं. ते घोड्यावर बसले तेव्हा एकदम मला कळलं की इतक्या बरण्या कशासाठी येत होत्या. तिशी ओलांडली आहे आणि इतकी कशी मी बावळट? त्यांना हाक मारावी असं क्षणभर वाटलं. मारली नाही.

पगार नाही. रताळी आहेत, मासे आहेत, छप्पर आहे. भीती वाटते. बाबांना काय वाटलं असतं याचा विचार येतो, मग आईला काय वाटलं असतं याचाही येतो.

शुक्रवार, ४ एप्रिल

काल वरच्या गावाहून आलो.

बुधवारी बातमी आली. नेपिया झाड तोडत होता. झाड भलतीकडे पडलं. त्याचा धाकटा मुलगा खाली सापडून गेला. सहा वर्षांचा.

मी प्रार्थनेचं पुस्तक घेतलं, मुलींनी रताळी भाजली होती ती टोपलीत भरली, आणि नदीवर गेले. मावशी होडीत बसली होती. बाकी माणसं काठ्या घेऊन चढत होती. होड्या सात होत्या.

"टोपली ठेव खाली," मावशी म्हणाली. "द्यायला नाही चाललो. आणायला चाललोय."

मला कळायला वेळ लागला. "मावशी, त्याचं पोर गेलंय! आणि आपण त्याचं घर लुटायचं?"

"मग काय, त्याला एकट्याला सोडायचं?"

तिने माझ्या हातात काठी दिली. "आणि हळू बोलू नकोस. तू हळू बोललीस तर त्याला वाटेल, पाहुणी आलीय."

वाटभर मी मनात शब्द जुळवत होते. एकही शोभेना. मला हे जमणार नाही, मी परतीच्या होडीतून निघून जाईन, असंही ठरवलं होतं. पण परतीची होडी नव्हती.

नेपिया अंगणात उभा होता. घरातलं सगळं त्याने बाहेर काढून मांडून ठेवलं होतं, नीट, झाडून पुसून. चेहरा दगडी. येणाऱ्या प्रत्येकाकडे तो बघत होता, कोण आलं, कोण नाही आलं. बघता बघता त्याची नजर माझ्यावर आली आणि थांबली.

 मावशीने मागून काही ढकललं नाही, काही सांगितलं नाही.

मी पुढे गेले. काठी वर केली. आवाज फुटला तो इतका मोठा की मलाच दचकायला झालं. "पोराला झाडाखाली जाऊ दिलंस! कुऱ्हाड तुझी, झाड तुझं! कुठे बघत होतास तू, नेपिया? आमचं पोर होतं ते! आमचं होतं!"

त्याचा चेहरा फुटला. दोन दिवस तो रडला नव्हता, असं मला नंतर कळलं. तो उभ्याउभ्या रडायला लागला, मोठ्याने, लहान मुलासारखा, आणि मी त्याच्या दंडावर काठी मारली.

मग मी त्याची घोंगडी उचलली आणि होडीकडे चालू लागले.